पासवर्ड बरोबर असून जुना मेल प्रोग्राम लॉगिन नाकारतोय, काय करू?

परळकर७
मंडळी, मदत हवीय. लालबागला आमचा छोटा छापखाना आहे, लग्नपत्रिका, बिलबुकं वगैरे. गिऱ्हाइकं मजकूर मेलवर पाठवतात आणि तो सगळा दुकानातल्या पीसीवर एका साध्या मेल प्रोग्राममध्ये उतरतो, नेट गेलं तरी जुनी ऑर्डर लगेच सापडते. आता तो प्रोग्राम पासवर्ड चुकीचा म्हणतोय, ब्राउझरमध्ये मात्र तोच पासवर्ड चालतो. कंपनीचं नाव घेत नाही, पण मोठी आहे. त्यांच्या सपोर्टचं एकच, आमचं अ‍ॅप घ्या. का घेऊ? मेल माझे, पीसी माझा, कशात वाचायचं ते मी ठरवीन ना. खूप संताप होतोय.

घाटकोपर_लोकल
तुमचा पासवर्ड बरोबरच आहे हो, नुसत्या पासवर्डवर लॉगिनच बऱ्याच कंपन्यांनी बंद केलंय. गूगलने पर्सनल अकाउंटना 30 मे 2022 पासून, मायक्रोसॉफ्टने आउटलुक डॉट कॉमवर 16 सप्टेंबर 2024 पासून. आता ओऑथ नावाची पद्धत लागते. लॉगिन त्यांच्या पानावर करायचं, प्रोग्रामला पासवर्ड दिसतच नाही, फक्त टोकन, म्हणजे तात्पुरता डिजिटल पास मिळतो. थंडरबर्ड या मेल प्रोग्रामला हे जमतं, फुकट आहे. पण आधी जुन्या मेलचा सगळा फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करा, मगच हात लावा. जीमेल असेल तर टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक खात्री) चालू करून 16 अक्षरी अ‍ॅप पासवर्ड म्हणजे एका प्रोग्रामपुरता वेगळा पासवर्ड काढता येतो, तो जुन्या प्रोग्राममध्येही चालतो. आउटलुक डॉट कॉमला तो मार्ग राहिला नाही.

ठाणे_कोडर
वरचं बरोबर आहे आणि ओऑथ मुळात चांगलंच आहे, लोक एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरतात त्याने अकाउंट जातात. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. आयमॅप, म्हणजे सर्व्हरवरचे मेल प्रोग्राममध्ये वाचायची पद्धत, हे 1980च्या दशकातलं खुलं प्रोटोकॉल, कोणीही प्रोग्राम लिहावा आणि जोडावा. आता प्रोग्राम लिहिणाऱ्यालाच आधी त्या कंपनीकडे नोंदणी करावी लागते. गूगलकडे पूर्ण मेल वाचायची परवानगी ‘रिस्ट्रिक्टेड’ प्रकारात येते, पडताळणी होईपर्यंत 100 युजरची मर्यादा, टेस्टिंगमध्ये ठेवलं तर टोकन 7 दिवसांत मरतं, आणि डेटा तुमच्या सर्व्हरवरून जात असेल तर बाहेरच्या लॅबकडून दरवर्षी सिक्युरिटी तपासणी, खर्च तुमचा. थंडरबर्डसारख्या मोठ्या प्रोजेक्टला हे परवडतं, रात्री घरी बसून फुकट प्रोग्राम लिहिणाऱ्या एकट्या माणसाने काय करायचं? सुरक्षा हवीच, पण दाराची किल्ली एकाच्या हातात देऊन नाही.

परळकर७
दोघांचेही आभार. फोल्डर कॉपी केला, थंडरबर्ड टाकलं, मेल उतरायला लागले. पण दुकानातला स्कॅनर पण याच अकाउंटवरून गिऱ्हाइकाला प्रूफ पाठवायचा, त्याच्यात फक्त युजरनेम-पासवर्डची जागा आहे, ब्राउझर कुठून उघडणार तो?

घाटकोपर_लोकल
स्कॅनरला ओऑथ नाहीच जमणार. अ‍ॅप पासवर्ड मिळत असेल तर तोच टाका, नाहीतर स्कॅन टू फोल्डर लावून पीसीवर घ्या आणि थंडरबर्डमधून पाठवा. धंद्यासाठी स्वतःचं डोमेन (पत्त्यातलं @ नंतरचं नाव) घेऊन साधं आयमॅप-एसएमटीपी (मेल घेणं-पाठवणं) देणाऱ्या छोट्या मेल होस्टकडे जाता आलं तर अजून बरं, उद्या तिथेही काही अडलं तर पत्ता तोच ठेवून दुसरीकडे हलता येतं.