धायरीतील ५२ लाखांचा फ्लॅट घ्यावा, की १७ हजारांच्या भाड्याने राहावे?

धायरीकरीण

नमस्कार. मी, यजमान, तिसरीतला मुलगा आणि सासूबाई असे आम्ही चौघे गेली सहा वर्षे पुण्यात धायरी परिसरात भाड्याच्या दोन बीएचकेमध्ये राहतो. देखभाल शुल्क धरून भाडे १७,००० रुपये आहे. दोघांचा मिळून हातात येणारा पगार ७३,००० रुपये असून सगळा खर्च भागल्यावर महिन्याला साधारण १३,००० रुपये शिल्लक पडतात. आजवर ११ लाख रुपये साठले आहेत. त्यांपैकी २ लाख सासूबाईंच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी बाजूला काढले आहेत आणि त्यांना हात लावायचा नाही, असे ठरलेले आहे.

शेजारच्या इमारतीत बारा वर्षे जुना, लिफ्ट असलेला फ्लॅट ५२ लाखांना विकायला निघाला आहे. बँक २० वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी ४० लाखांचे कर्ज देण्यास तयार आहे. भाडे म्हणजे पाण्यात घातलेले पैसे, असे घरात रोज ऐकू येते. मी मात्र हिशेबाला बसले की तो कुठेतरी अडतोच. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त बँकवाला

ताई, तुमचा हिशेब कोठे अडतो ते दाखवतो. ५२ लाखांवर ४० लाख कर्ज मिळाले, तर १२ लाख स्वतःचे घालावे लागतील. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ३ लाख ६४ हजार होते आणि नोंदणी शुल्क ३० हजार. हे दोन्ही खर्च बँक घराच्या किमतीत धरत नाही. दलाली, सोसायटीचे हस्तांतर शुल्क आणि वकिलाची फी धरली, तर रक्कम १६ लाखांच्या पुढे जाते. तुमच्याकडे आहेत ९ लाख. उरलेले ७ लाख नातेवाइकांकडून किंवा वैयक्तिक कर्जातून उभे करायचे झाल्यास त्याचा वेगळा हप्ता सुरू होईल, आणि त्याबद्दल बँकेचा माणूस तुमच्याशी अवाक्षर बोलणार नाही.

आता महिन्याचे पाहू. ४० लाखांचा हप्ता सुमारे ३४,७०० रुपये बसतो. त्यात सोसायटीचे देखभाल शुल्क आणि मिळकतकर यांचे निदान ३,००० रुपये मिळवले, की ३७,७०० होतात. वाचणारे भाडे वजा केले तरी दरमहा २०,७०० रुपये नव्याने काढावे लागतील आणि तुमची शिल्लक आहे १३,०००. मुलाच्या शाळेची फी वाढली किंवा गावाकडे एखादे लग्न निघाले, तर पहिल्याच वर्षी क्रेडिट कार्डाला हात जाईल.

भाडे पाण्यात जाते हे खरे असले, तरी व्याज काही वेगळीकडे जात नाही. तुमच्या पहिल्या हप्त्यातले २८,३३३ रुपये निव्वळ व्याजाचे असतील. पाच वर्षांत तुम्ही २० लाख ८० हजारांहून अधिक रक्कम भराल आणि मुद्दल कमी झालेले असेल जेमतेम पावणेपाच लाखांनी. त्याआधी घर विकण्याची वेळ आली, तर मुद्रांक शुल्क आणि दलालीचे पैसे भरून निघण्याइतका भाव वाढलेला असावा लागतो.

व्याजदर स्थिर राहील असेही धरू नये. मे २०२२ मध्ये ४ टक्क्यांवर असलेला रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा टक्क्यांवर गेला, तेव्हा बहुतेक कर्जदारांचा हप्ता तेवढाच राहिला आणि मुदत मात्र गुपचूप लांबली. तुमचा साडेआठचा दर सुरुवातीलाच साडेनऊ झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर २४० हप्त्यांचे जवळजवळ ३०९ होतात. दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे विचारण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांवर घातले आहे; तेव्हा पुढे ते पत्र आले, तर न वाचता फाईलला लावू नका.

माझ्या मते तुम्हाला ३० लाखांचे कर्ज झेपेल. त्याचा हप्ता २६,००० च्या आसपास येतो आणि वाचणारे भाडे धरता तो तुमच्या शिलकीत बसतो. त्यावर स्वतःचे ९ लाख घातले, तर सगळे खर्च धरून ३६ लाखांच्या आसपासचे घर बघावे लागेल. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, त्याहून मोठ्या, ७५ लाखांपर्यंतच्या कर्जाला ८० टक्केच, हाही यात एक फायदा आहे.

चार घरांची सून

वरच्या आकडेमोडीशी माझे भांडण नाही, परंतु त्यात एक खर्च धरलेला नाही. नऊ वर्षांत आम्ही चार घरे बदलली. प्रत्येक वेळी एका महिन्याच्या भाड्याइतकी दलाली, टेम्पो, रंगाच्या नावाखाली अनामत रकमेतून कापलेले पैसे आणि नवा करारनामा. एका मालकांना भिंतीला ड्रिल लावलेले खपत नसे, म्हणून आमचा देव्हारा तीन वर्षे शिलाई मशीनवर होता आणि दिवाळीचे ब्लाउज बाहेर शिवायला द्यावे लागले. ११ महिने भरत आले, की मालकांचा फोन आला तरी पोटात गोळा यायचा. मुलीची शाळा बदलायची नाही म्हणून शेवटी त्याच भागात २,५०० रुपये जास्त भाडे देऊन घर घेतले.

शिवाय भाडे काही थांबून राहत नाही. वर्षाला ५ टक्के वाढ धरली, तर तुमचे १७,००० दहा वर्षांनी २७,००० च्या पुढे जातात आणि हप्ता साधारण तेथेच असतो. आम्ही २०२१ मध्ये घर घेतले, पहिली दोन वर्षे अक्षरशः ओढगस्तीत काढली. तरीही मी पुन्हा तेच करीन. मात्र आमच्याकडे सासऱ्यांचे निवृत्तिवेतन होते, हे प्रांजळपणे सांगायला हवे.

कागदपत्रवाला

दोघांच्याही मुद्द्यांआधी त्या फ्लॅटचे कागद बघा. २०१७ मध्ये महापालिकेत आलेल्या ११ गावांमध्ये धायरीचा तोवर हद्दीबाहेर उरलेला भाग होता. बारा वर्षे जुनी इमारत त्याआधीची असणार. म्हणून तिचा मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यास योग्य असल्याचा अधिकृत दाखला) मागा. बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे कागद निर्दोष आहेत, असा समज करून घेऊ नका. जमिनीचे अभिहस्तांतरण, म्हणजे मालकी, सोसायटीच्या नावे झाली आहे का, तेही विचारा. उद्या पुनर्विकासाचा विषय निघाला की सगळे तेथेच अडते.

सोसायटीचे मागच्या तीन वर्षांचे हिशेब मागून घ्या आणि एप्रिल-मेमधला टँकरचा खर्च तेवढा वाचा. या पट्ट्यात देखभाल शुल्काचा आकडा बऱ्याचदा पाण्यामुळे फुगतो आणि विकणारा तुम्हाला पावसाळ्यातला आकडा सांगतो.

दोन बाबी पैशांच्या. व्यवहार ५० लाख किंवा त्याहून अधिक रकमेचा असेल, तर विक्रेत्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस (विक्रेत्याच्या प्राप्तिकरापोटी आधीच कापायची रक्कम) कापून सरकारकडे भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते. म्हणजे इथे ५२,००० रुपये. ते किमतीतूनच वळते होतात, पण वेळेत भरले नाहीत तर व्याज तुमच्या अंगावर येते. आणि घर फक्त स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, पतीचे नाव जोडले की ती जाते. यजमान सहकर्जदार राहू शकतात, मात्र मालकी नसल्यामुळे त्यांना प्राप्तिकरात व्याजावरची वजावट मागता येणार नाही. तुम्ही नव्या करप्रणालीत असाल, तर स्वतः राहत्या घराच्या व्याजाची वजावट मुळातच नाही, त्यामुळे त्यासाठी डोके शिणवू नका.

धायरीकरीण

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही दोघे काल रात्री निवृत्त बँकवाला यांचे आकडे घेऊन बसलो आणि ५२ लाखांच्या घराचा विचार सोडला. ३६ लाखांत मात्र आमच्या भागात एक तर एक बीएचके मिळतो, किंवा लिफ्ट नसलेल्या इमारतीतला तिसरा मजला. सासूबाई आत्ताच पहिल्या मजल्यावर दोनदा थांबून चढतात.

निवृत्त बँकवाला

मग घाई करू नका. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे आपला नेहमीचा भाडेकरार, ६० महिन्यांपर्यंत करता येतो. ११ महिन्यांची केवळ रूढी आहे, आणि कराराची नोंदणी तर मुदत कितीही असली तरी बंधनकारकच आहे. मालकांशी तीन वर्षांच्या कराराचे बोला, वार्षिक वाढीचा आकडा त्यातच लिहून घ्या आणि मुदतीआधी घर सोडायची वेळ आली तर किती दिवसांची नोटीस, तेही. दुसरे असे, की पुढच्या महिन्यापासून ३० लाखांचा हप्ता आणि देखभाल-करांचे ३,००० चालू झाले आहेत असे समजून भाडे वजा जाता उरणारे १२,००० रुपये एक तारखेलाच आवर्ती ठेवीत टाका. दीड वर्ष एकही हप्ता न चुकता जमले, तर दोन लाखांहून अधिक रक्कम हातात असेल.

धायरीकरीण

मालकांशी आज सकाळी बोलणे झाले. तीन वर्षांना त्यांची हरकत नाही, पण भाडे १८,५०० मागत आहेत. यजमान १८,००० वर अडून बसले आहेत. आवर्ती ठेवीचे खाते १ तारखेला उघडतो आहोत आणि सासूबाईंच्या शस्त्रक्रियेची तारीख आधी घेतो आहोत, म्हणजे जिने चढता येतात की नाही हे कळल्यावरच तिसऱ्या मजल्यांकडे बघू.