मदत हवी आहे: किरिबाटीच्या बेटावर भूजलाचा संयुक्त अभ्यास, सुरुवात कुठून करावी?

आडाचं_पाणी (धागाकर्ते):
किरिबाटी या पॅसिफिकमधल्या बेटांच्या देशात, राजधानी असलेल्या तारावाच्या उत्तरेला असलेल्या अबायांग बेटावर घरगुती विहिरींचा १८ महिन्यांचा संयुक्त अभ्यास करायचा प्रस्ताव लिहितो आहे. संस्था पुण्याची, पद्धत लक्षद्वीपच्या विहिरींसाठी वापरतात तीच. प्रस्तावात २० विहिरी, ६ लॉगर (पाण्याची पातळी आपोआप नोंदवणारी उपकरणं), विद्युतवाहकता मीटर (पाणी किती खारं ते सांगणारं), जिवाणू तपासणी आणि शेवटी बेटाचा गोड्या पाण्याचा नकाशा एवढं आहे.
१) परवानग्या कोणत्या क्रमाने घ्यायच्या? तारावात भागीदार मिळाला तरी बेटावर वेगळी संमती लागते का?
२) जिवाणू तपासणीचे नमुने तारावाला वेळेत पोचतील का?
३) 'बेटाला होणारा फायदा' या रकान्यात नकाशा लिहिलाय. पुरेल?

पागोळी:
तिसऱ्यापासून सुरू करते, कारण पाणी मुरतंय ते तिथेच.

दक्षिण तारावाला नळाचं पाणी मुख्यतः तिथल्याच बोनरिकी भागातल्या जमिनीखालून येतं. आडव्या पुरलेल्या सच्छिद्र नळ्यांतून खाऱ्या पाण्यावर तरंगणाऱ्या गोड्या पाण्याचा वरचा थर हलकेच ओढून घेतात. ती जमीन कुटुंबांच्या मालकीची. सरकारने ती पाण्यासाठी राखीव केली, भाडं देऊ केलं, आणि वर घरं बांधण्यावर, लागवडीवर बंधनं आली. तो वाद वर्षानुवर्षं चालला. त्यामुळे 'इथे गोडं पाणी सगळ्यात जाड' असं दाखवणारा तुमचा नकाशा जमीनमालकाला फायदा वाटणार नाही, जमीन जाण्याचा पहिला कागद वाटेल.

म्हणून मोजमाप सुरू होण्याआधी लेखी ठरवा: विहिरींना मालकाचं नाव नाही, क्रमांक, प्रत्येक घराला त्याच्या विहिरीचे आकडे आधी, पूर्ण नकाशा कोणाला दाखवायचा ते बेटावरचे लोक सांगतील. फायद्याचा रकाना कोरा ठेवून पहिली भेट फक्त विचारण्यासाठी ठेवा. उत्तर 'छपराच्या पन्हळी दुरुस्त करा' असं आलं, तर त्याचे पैसे अंदाजपत्रकात हवेत. पहिल्या भेटीआधीच अंदाजपत्रक गोठवलंत तर ती भागीदारी कागदावरच राहणार.

लगूनकाठ:
क्रम असा धरा: तारावातलं पाणी खातं ज्या मंत्रालयाखाली येतं ते आणि इमिग्रेशन, मग बेटाची कौन्सिल, मग उनिम्वाने, म्हणजे गावातली वडीलधारी मंडळी. हो, वेगळी संमती लागतेच. साउथ पॅसिफिक विद्यापीठ १२ देशांचं मिळून आहे आणि त्याचं केंद्र दक्षिण तारावात आहे. भागीदार तिथे शोधा, पण त्यांची सही म्हणजे अबायांगची संमती नव्हे.

बैठक मानेआबात, म्हणजे गावाच्या सभागृहात होते. तिथे मांडी घालून बसायचं, कोणाकडे पाय पसरायचे नाहीत, बसलेल्यांसमोरून ताठ चालत जायचं नाही. पोचल्यावर भेट द्यायची, रिवाजाने ती तंबाखूची असते. भारतीय संस्थेच्या हिशेबखात्याला हा खर्च समजावणं हे एक स्वतंत्र संशोधन आहे.

आणखी एक, 'बुबुती'. नात्यातल्या माणसाने मागितलं तर नाही म्हणणं लाजिरवाणं मानतात. स्थानिक सहायकाकडे मीटर किंवा बॅटरी दिलीत तर त्याच्याकडे कोणी तरी मागणार. उपकरणं कौन्सिलच्या नावावर नोंदवा, म्हणजे त्याला 'माझं नाही' म्हणता येईल. मजुरीची रोख रक्कम तारावातूनच ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये न्या, बेटावर एटीएम नाही.

(उच्चार 'किरिबास' करा. तिथे 'टी-आय' ही अक्षरं 'स' वाचतात.)

खारं_गोडं:
तांत्रिक भाग.

'समुद्रसपाटीच्या वर १ मीटर पाणी, तर खाली ४० मीटर गोडं' हे गणित प्रवाळबेटावर लावू नका. साधारण १५ ते २५ मीटरवर जुना, फार सच्छिद्र चुनखडक लागतो आणि तिथे खारं पाणी मिसळून जातं. शिवाय विहिरीची पातळी भरती-ओहोटीबरोबर हलते, म्हणून एका वेळच्या मोजणीला अर्थ नाही. दर १५ मिनिटांची नोंद ठेवा. लॉगर एकूण दाब मोजणारे असतील तर ६ पैकी १ हवेत (हवेचा दाब वजा करायला) आणि १ लगूनमध्ये, म्हणजे बेटाने वेढलेल्या उथळ समुद्रात (भरतीची नोंद घ्यायला) लागेल, म्हणजे विहिरींना उरले ४. ते छिद्रं पाडलेल्या पीव्हीसी नळीत घालून कडेला बांधा, नाहीतर बादलीच्या दोरात अडकून वर येतात आणि पातळीची नोंद बिघडते.

वाहकता मीटर जुळवून घ्यायला १४१३ आणि १२,८८० मायक्रोसीमेन्सची, अशी दोन्ही प्रमाण द्रावणं न्या. प्रवाळबेटांवर गोड्या पाण्याची मर्यादा बहुधा २५०० मायक्रोसीमेन्स धरतात. पण विहिरीतलं पाणी म्हणजे फक्त वरची साय. थर किती जाड आहे ते कळायला खोल निरीक्षण-विंधनं (बोअर) लागतात किंवा विद्युतचुंबकीय सर्वेक्षण. त्यात पत्र्याची छपरं आकडे बिघडवतात.

जिवाणूंचे नमुने बर्फात ठेवून काही तासांत प्रयोगशाळेत पोचावे लागतात. होडी वाऱ्यावर अवलंबून, त्यामुळे तो बेत सोडा. हायड्रोजन सल्फाइडची कागदी पट्टी वापरा (दूषित पाण्यातले जिवाणू सोडतात तो वायू ओळखणारी). ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी ती १९८२ साली प्रसिद्ध केली आणि पॅसिफिक बेटांवर ती चांगली रुळली आहे. निर्जंतुक बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरायचं, सावलीत ठेवायचं, २४, ४८ आणि ७२ तासांनी बघायचं. काळं झालं तर दूषित. २५ ते ३७ अंशांत चालते, म्हणून तिथे इन्क्युबेटर लागत नाही. फसते ती बाबाईच्या खड्ड्यांजवळ (बाबाई म्हणजे अळूचाच राक्षसी भाऊ). कुजकट वासाच्या पाण्यात सल्फाइड आधीच असतं आणि पट्टी लगेच काळी पडते. अशी नोंद वेगळी ठेवा. काळ्या बाटलीत ब्लीच घालून मगच ओता.

आडाचं_पाणी:
आभार. १८ महिने पुरतील?

खारं_गोडं:
कोरडा काळ सापडला तर. आपल्याकडे एल निनो म्हटलं की पोटात गोळा येतो, तिथे दुष्काळ आणते ती ला निना, म्हणजे एल निनोच्या उलट स्थिती. जून २०२२ मध्ये सरकारने आपत्ती जाहीर केली ती अशाच काळात. तुमच्या १८ महिन्यांत नुसता पाऊसच झाला तर विहिरी खाऱ्या कधी होतात हे कळणारच नाही. म्हणून तुम्ही परतल्यावरही कौन्सिलचा माणूस महिन्यातून एकदा २० विहिरींची वाहकता मोजेल, असं मानधन ३ वर्षांचं धरा. एक जादा मीटर आणि द्रावणाच्या बाटल्या त्याच्याजवळ ठेवून या.

लगूनकाठ:
आणि ऑनलाइन बैठका ठरवताना: तारावा आपल्या साडेसहा तास पुढे. त्यांचे दुपारचे २ म्हणजे आपले सकाळचे साडेसात. त्यांच्या शुक्रवारी दुपारनंतर काही ठरवू नका.