ऑइल फिल्टरचे टोपण अडकले, तर दोष कोणाचा आणि ते काढायचे कसे?

धागालेखिका, पुणे

गेल्या रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी स्वतः गाडीचे तेल बदलायला घेतले आणि दुपारपर्यंत गाडी जागची हलवता येणार नाही अशी स्थिती झाली. गाडी २०१५ सालची डिझेल स्विफ्ट आहे. मारुती, टाटा आणि फियाट या तिन्ही नावांच्या गाड्यांत वर्षानुवर्षे बसलेले फियाटच्या रचनेचे १.३ लिटरचे मल्टीजेट इंजिन तिच्यात आहे. या इंजिनात पत्र्याच्या डब्यासारखा संपूर्ण फिल्टर बदलावा लागत नाही. ॲल्युमिनियमच्या भांड्यात कागदी फिल्टर बसतो आणि त्यावर आटे असलेले काळे प्लॅस्टिकचे टोपण फिरवून बसवतात. टोपणाच्या डोक्यावर २७ मिलिमीटरचा षटकोन असतो. मी जुने तेल आधी सोडले, चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीचा, नट परत लावला आणि मग टोपणाला बारा कोनांची गोटी, म्हणजे नटाच्या डोक्यावर बसणारे पान्याचे तोंड, लावली. गोटी फिरवायच्या रॅचेट दांडीने टोपण हलेना, म्हणून दोन फुटी दांडा लावला. तेव्हा टोपण होते तिथेच राहिले, पण षटकोनाचा एक कोपरा गोल झाला आणि तांदळाच्या दाण्याएवढी काळी कपची निघून माझ्या हातमोज्यावर पडली.

अशा टोपणांसाठी सर्रास दिलेला टॉर्क, म्हणजे आवळण्याचा पीळ, २५ न्यूटन-मीटर इतकाच असतो आणि कित्येक टोपणांवर तो आकडा उठावदार अक्षरांत असतो. हातभर सोडाच, वीतभर लांबीच्या रॅचेटच्या टोकाला दहा-बारा किलोंचा जोर दिला की तेवढा टॉर्क सहज लागतो. मी दोन फुटी दांड्यावर पंचवीसेक किलोंचा जोर नक्कीच दिला असेन, म्हणजे ठरलेल्या टॉर्कच्या जवळजवळ सहापट, आणि तरीही टोपण सुटले नाही. मागची सर्व्हिसिंग ज्या गॅरेजमध्ये झाली, तिथे फोन केला तेव्हा "घट्ट असलेले बरे, गळत तर नाही ना" असे उत्तर मिळाले.

माझे म्हणणे स्पष्ट आहे. या रचनेत तेल अडवण्याचे काम टोपणाच्या खाचेतली रबरी ओ-रिंग करते. टोपणाची कड भांड्यावर टेकली की ओ-रिंग जितकी दबायची तितकी दबलेली असते. त्यापुढे दिलेल्या प्रत्येक फिरक्याने गळती रोखण्यात काहीही भर पडत नाही, फक्त आटे आणि कड एकमेकांत आवळली जातात. म्हणून जादा आवळलेले टोपण हा कामातला दोष मानला पाहिजे आणि ते काढताना तुटले तर नव्या टोपणाचा खर्च मागच्या वेळी ते आवळणाऱ्याने सोसला पाहिजे. शिवाय प्लॅस्टिकच्या टोपणाला हवेची किंवा बॅटरीची गन, म्हणजे ठोके देत नट फिरवणारे यंत्र, लावूच नये, ना बसवताना, ना काढताना, असेही माझे मत झाले आहे. या व्यवसायातल्या लोकांनी आपले मत द्यावे.

गॅरेजचालक, सांगली

ताई, तुमच्या मताचा पहिला भाग मला मान्य आहे आणि दुसरा अजिबात मान्य नाही.

टोपणे का आवळली जातात, हे गॅरेजच्या बाजूने सांगतो. टोपणाखालून तेलाचे दोन थेंब जरी पार्किंगच्या फरशीवर दिसले, तरी गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभे राहते. टोपण घट्ट आहे अशी तक्रार घेऊन मात्र आजवर माझ्याकडे कोणी आलेले नाही, कारण ते घट्ट आहे हे वर्षभराने दुसऱ्याच कोणाला तरी कळते. काम शिकणाऱ्या पोराच्या हाताला ही गोष्ट फार लवकर समजते आणि मग तो पुढची कित्येक वर्षे प्रत्येक टोपणाला शेवटचा एक झटका देत राहतो. त्यात भर ओ-रिंगची पडते. फिल्टरसोबत नवी ओ-रिंग येते, पण घाईत ती खोक्यातच राहते, किंवा एका खोक्यात दोन मापांच्या आल्या की कोणती लावायची याचा विचार न करता जुनीच चालवली जाते. वर्षभर गरम तेलात राहिलेली जुनी रिंग झिरपते आणि मग ते झिरपणे थांबवायला टोपण आवळले जाते. दोष आहेच, मी तो नाकारत नाही.

परंतु गनला तुम्ही जो दोष देता, तो चुकीच्या जागी देता. बसवताना गन लावणे चूक आहे, हे मान्य. काढताना मात्र लहान बॅटरी गन सर्वांत कमी जोरावर ठेवून दोन सेकंद चालवली, तर तिचे आखूड ठोके चिकटलेली कड सोडवतात. लांब दांड्याने माणूस टोपण तिरके ओढतो, गोटी एका बाजूला कलते आणि कोपरे गोल होतात. तुमच्या बाबतीत नेमके तेच घडले आहे. आणि खर्चाचे म्हणाल, तर मागच्या वेळी टोपण कोणी आवळले हे सिद्ध कसे करणार? मधल्या काळात गाडी तीन ठिकाणी गेलेली असते आणि भरपाई मात्र शेवटच्या गॅरेजकडे मागितली जाते.

टॅक्सीमालक, म्हापसा

माझ्याकडे याच इंजिनाच्या दोन गाड्या आहेत आणि मी या वादाकडे रोजच्या भाड्याच्या हिशेबाने पाहतो. टोपण ही कायम टिकवायची वस्तू नाही. ते अडकले असेल तर अर्धा दिवस गोंजारत बसण्यापेक्षा छन्नीने कड तोडून काढावे, नवे बसवावे आणि गाडी रस्त्यावर न्यावी. नवे टोपण दुकानात मिळतच नसेल, तर त्या वेळेपुरते नुसते तेल बदलून जुनाच फिल्टर पुढच्या वेळेपर्यंत चालवण्यात मला मोठे संकट दिसत नाही. गाडी उभी राहिली की त्या दिवसाचे भाडे बुडते आणि ते कोणीही भरून देत नाही.

निवृत्त फिटर, भोसरी

पस्तीस वर्षे इंजिनांवर काम केले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

म्हापशाच्या सद्गृहस्थांची निकड मला समजते, पण जुना फिल्टर चालवण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. फिल्टर गाळाने भरला की बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल न गाळताच बेअरिंगांकडे जाते. हे टर्बो असलेले डिझेल इंजिन आहे, टर्बोची दांडी मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते आणि ती तेलाच्या पातळ थरावर तरंगत असते. त्या थरात काजळीचे खडे गेले, तर वाचवलेल्या एका दिवसाच्या भाड्याच्या कितीतरी पट खर्च येतो.

छन्नीचा उपाय अगदी शेवटचा आहे आणि तो करताना एक गोष्ट विसरू नये. तेल कागदी फिल्टरच्या बाहेरून आत जाते. म्हणून फिल्टर जागेवर आहे तोवर तुटलेल्या कपच्या गाळण्याआधीच्या बाजूला पडतात. तो उचलला की बेअरिंगांकडे जाणारी मधली वाट उघडी पडते. टोपण फुटले तर भांडे पूर्ण पुसून घेईपर्यंत फिल्टर हलवू नये, आणि तो टोपणालाच अडकून वर येत असेल तर मधल्या छिद्रात आधी स्वच्छ कापडाचा बोळा घालावा.

आता गनबद्दल. सांगलीच्या गॅरेजचालकांचे तिरक्या जोराबद्दलचे निदान शंभर टक्के बरोबर आहे, पण त्यावरचा त्यांचा उपाय मला पटत नाही. ही टोपणे काचतंतू मिसळलेल्या नायलॉनची असतात. स्थिर जोर हा पदार्थ चांगला सोसतो, परंतु वर्षानुवर्षे गरम-गार होऊन कडक झाल्यावर ठोके तितके सोसत नाही. षटकोनाच्या मुळाशी केसासारखी चीर पडते आणि ती त्या वेळी दिसत नाही. मग तेच टोपण परत बसवले जाते आणि चालू इंजिनात तेलाचा दाब आला की चिरेतून तेल येऊ लागते.

खरा दोष बहुतेक वेळा गोटीत असतो. बारा कोनांची गोटी फक्त कोपऱ्यांवर जोर देते, सहा कोनांची सपाट बाजूंवर देते. त्यातही बाजारातल्या गोटीचे तोंड आतून उतरते केलेले असते, म्हणजे पहिले दोन मिलिमीटर ती पकडतच नाही, आणि टोपणाचा षटकोन आधीच बुटका असतो. आम्ही सहा कोनांच्या गोटीचे तोंड ग्राइंडरवर घासून सपाट करून ठेवत असू. अशी गोटी पूर्ण खाली बसते. मग डाव्या हाताचा तळवा रॅचेटच्या डोक्यावर दाबून धरावा आणि उजव्या हाताने जोर सावकाश वाढवत न्यावा.

आटे तेलातच असतात, तिथे गंज नसतो, म्हणून गंज सोडवणारा फवारा मारून काही मिळत नाही. उकळत्या पाण्यात भिजवून पिळलेले जाड फडके ॲल्युमिनियमच्या भांड्याभोवती पाच मिनिटे गुंडाळावे. भांडे आधी तापून किंचित फुगते आणि ओ-रिंगही मऊ पडते. टोपणावरच गरम हवेचा झोत सोडू नये, कारण प्लॅस्टिक मऊ झाले की उरलेले कोपरेही जातात.

आणि ताई, रागावू नका, पण क्रम तुमचाही चुकला. आधी टोपण पाव फेरा सैल करायचे आणि ते सुटते आहे याची खात्री झाल्यावरच तेल सोडायचे. तेल आत असते, तर गाडी तुम्ही स्वतः चालवत गॅरेजपर्यंत नेली असती.

धागालेखिका, पुणे

क्रमाची चूक मी मान्य करते. ती माझीच आहे आणि त्याबद्दल मी कोणाला दोष देत नाही.

काल संध्याकाळी भोसरीच्या काकांनी सांगितल्याप्रमाणे सहा कोनांची गोटी घासून आणली आणि गरम फडके दोनदा गुंडाळले. दुसऱ्या खेपेला बारीक कट्ट आवाज आला आणि टोपण फिरले. ओ-रिंग काढून पाहिली, तर तिचा छेद गोल उरलेला नव्हता, पट्टीसारखा चपटा झाला होता. नखाने दाबले तर खूण उमटत नव्हती आणि वाकवली तेव्हा तिच्या बाहेरच्या बाजूला बारीक तडे दिसले. एका वर्षात रबर इतके कडक होईल असे मला वाटत नाही. मागच्या सर्व्हिसिंगच्या बिलात फिल्टर संचाचे पूर्ण पैसे लावलेले आहेत, म्हणजे नवी रिंग मी विकत घेतली होती आणि ती गाडीत बसलीच नाही.

म्हणून सांगलीच्या दादांना माझे उत्तर असे आहे की पुरावा अगदीच नसतो असे नाही. बिलावर टॉर्कचा आकडा लिहिला, टॉर्क रेंच, म्हणजे टॉर्क मोजून आवळणारा पाना, वापरल्याची नोंद केली आणि काढलेली ओ-रिंग ग्राहकाच्या हाती दिली, तर कोणी काय केले हा वादच उरणार नाही. गनबद्दल मात्र काकांचे ऐकल्यावर माझे मत अधिकच पक्के झाले आहे.

गॅरेजचालक, सांगली

ओ-रिंगचे वर्णन वाचून वाईट वाटले. हे काम कुठल्याही गॅरेजमध्ये झाले असते, तरी मी त्याची बाजू घेतली नसती. काढलेली रिंग पिशवीत घालून गिऱ्हाइकाला परत देणे मला पटले आहे आणि उद्यापासून माझ्याकडे ते सुरू करतो. त्याने माझ्या पोरांनाही रिंग बदलल्याशिवाय सुटका राहणार नाही. टॉर्क रेंच माझ्याकडे आहे, पण खरे सांगायचे तर तो इंजिनाच्या हेडचे बोल्ट आवळण्यासाठीच बाहेर निघतो. २५ न्यूटन-मीटरसारख्या कमी जोरासाठी लहान रेंच लागतो. मोठ्या रेंचच्या मापपट्टीच्या अगदी तळाशी तो आकडा भरवशाचा मिळत नाही. असा लहान रेंच आता घेईन.

गनबद्दल मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे. काकांनी ज्या चिरांचा उल्लेख केला, त्या मी दांड्याने ओढलेल्या टोपणांवरही पाहिल्या आहेत. गनने काढलेले टोपण मी उजेडात धरून षटकोनाच्या मुळाशी तपासतो आणि शंका आली तर नवे लावतो. गिऱ्हाइकाला नव्या टोपणाची किंमत आधी सांगतो आणि त्याने होकार दिल्यावरच गन उचलतो.