शब्दचर्चा : 'पर्स', 'वाटणी' आणि चाहत्यांची 'मागणी'

प्रश्न : 'पर्सच्या विभागणीवरून फेरलढतीची बोलणी फिसकटली' अशा धाटणीचं वाक्य बॉक्सिंगच्या बातम्यांत वरचेवर दिसतं. पर्सला 'बक्षिसाची रक्कम' म्हटलं तर चालेल का? आणि चाहत्यांची एवढी मागणी असताना लढत होत का नाही?

— बक्षीस नको. ते जिंकणाऱ्याला मिळतं. पर्स हरणाऱ्यालाही मिळते आणि तिचा आकडा रिंगमध्ये उतरण्याआधीच करारात लिहिलेला असतो. १९७१ साली मुहम्मद अली आणि जो फ्रेझर यांना प्रत्येकी २५ लाख डॉलर ठरले होते. फ्रेझर जिंकला म्हणून अलीचे कमी झाले नाहीत. मी सरळ 'मानधन' लिहितो. 'थैली' हा शब्दशः जवळचा, पण थैली म्हटलं की शाल-श्रीफळ आणि लांबलेली भाषणं आठवतात.

— मानधन अर्धंच बरोबर आहे. अमेरिकेत राज्याच्या क्रीडा आयोगाकडे नोंदवलेली हमीची रक्कम म्हणजे पर्स. बड्या लढतीत खरा पैसा त्यापलीकडे असतो : घरबसल्या पाहणाऱ्यांनी मोजलेले पे-पर-व्ह्यूचे पैसे, तिकिटं, प्रायोजक. भांडण होतं ते या सगळ्या गल्ल्यावरून. म्हणून 'विभागणी'पेक्षा 'वाटणी' लिहा. विभागणी कागदावर शांतपणे होते, वाटणीत भाऊबंदकी ऐकू येते.

'पर्स बिड' मात्र वेगळं. किताबाच्या सक्तीच्या लढतीसाठी दोन्ही बाजूंचं मुदतीत जमलं नाही, तर किताब देणारी संघटना आयोजकांकडून बंद लिफाफ्यात बोली मागवते. सर्वांत मोठी बोली लावणारा लढत भरवतो आणि ती रक्कम संघटनेच्या ठरलेल्या प्रमाणात वाटली जाते. तिथे घासाघीस संपते. ऐच्छिक फेरलढतीला हा दट्ट्या नसतो.

— पण मूळ प्रश्न मागणीचा होता. लोकांना हवं असेल तर दोघांनी मिळेल तेवढं घेऊन लढावं की!

— इथेच घोडं पेंड खातं. मागणीमुळे गल्ला वाढतो. तो कोणामुळे वाढला हे मागणी सांगत नाही. पहिली लढत चुरशीची झाली की वाटणीचं जुनं प्रमाण कोणाला तरी टोचू लागतं. २०१७ साली कानेलो अल्वारेझ आणि गोलोव्हकिन बरोबरीत सुटले. मे २०१८ मधली फेरलढत रद्द झाली, कारण कानेलोच्या चाचणीत क्लेनब्युटेरॉल हे बंदी असलेलं द्रव्य सापडलं. सप्टेंबरसाठी पुन्हा बोलणी सुरू झाली तेव्हा गोलोव्हकिननं वाढीव वाटा मागितला. त्याचं म्हणणं रास्तच होतं : बरोबरी झाली आणि खाडा समोरच्यामुळे झाला, तर जुन्या भावात का उतरायचं? कानेलोच्या बाजूचंही खोटं नव्हतं, कारण पैसे मोजणारा प्रेक्षक जास्त करून त्याचा. प्रकरण तुटेपर्यंत ताणलं गेलं आणि मग जुळलं. पुष्कळांचं जुळत नाही.

दुसरी गोष्ट, मराठीत 'मागणी' दोन अर्थांनी येते. एक मोर्च्यातली, एक बाजारातली. सोशल मीडियावर 'झालीच पाहिजे' म्हणणारे पहिल्या प्रकारातले. आयोजक दुसरीवर हिशेब करतो. मेवेदर आणि पॅकियाओ यांची लढत २ मे २०१५ ला ६०-४० वाटणीवर झाली, अमेरिकेत ४६ लाख पे-पर-व्ह्यू विकले गेले. पण लढत इतकी निरस निघाली की पुन्हा तेवढेच पैसे कोण मोजणार, हा प्रश्न उरलाच. पुढे बरीच वर्षं फेरलढतीच्या नुसत्या चर्चाच झडत राहिल्या.

क्रॉफर्ड-स्पेन्सचं तर उलटंच. जुलै २०२३ मध्ये क्रॉफर्डनं स्पेन्सला तीनदा पाडून नवव्या फेरीत थांबवलं. करारात फेरलढतीचं कलम होतं, स्पेन्सनं ते वापरलंही. लढत झाली नाही. इतक्या एकतर्फी निकालानंतर ती हवी होती कोणाला?

— कलमावरून आठवलं. २०२३ च्या मार्चमध्ये फ्युरीसमोर उसिकनं ७०-३० मधले ३० मान्य केले, तरी बोलणी मोडली. वादात फेरलढतीच्या अटीही होत्या. पहिली व्हायच्या आधीच दुसरीवरून! मे २०२४ मध्ये रियाधला सौदी पैशावर लढत झाली आणि डिसेंबरात फेरलढतही. पैसे ओतणारा तिसराच असला की वाटणीची धार बोथट होते.

— आणि वाइल्डरचं उदाहरण विसरू नका. फ्युरीची जोशुआशी लढत ठरत आली असताना, मे २०२१ मध्ये लवादानं सांगितलं की जुन्या करारानुसार वाइल्डरशी तिसरी लढत देणं बंधनकारक आहे. ऑक्टोबरात ती झाली, जोशुआची बारगळली. म्हणून सगळं खापर वाटणीवर फोडू नये.

— तर वाक्य असं करतो : 'वाट्यावरून न जमल्यानं फेरलढत बारगळली.' पर्स गेली.

— चालेल. फक्त बातमी पर्स बिडची असेल तेव्हा 'बंद लिफाफ्यातली बोली' लिहा, नुसतं 'बोली' म्हटलं तर वाचणाऱ्याला लिलाव वाटेल.