बालसंरक्षणातील माणसे का सोडून जातात, आणि त्यांना कायम केल्याने ती टिकतील का?

पळसपान (टोपणनाव; यवतमाळ जिल्हा), चर्चेचा प्रस्ताव

मागच्या महिन्यात एका मुलीची फाइल माझ्याकडे आली. (तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, कायद्याने ते बंधनकारकच आहे.) वडिलांनी नापिकीच्या वर्षी आत्महत्या केली, आई मजुरीला पुण्याकडे गेली आणि अकराव्या वर्षी ही मुलगी प्रथम बालकल्याण समितीपुढे (निराधार, संकटातल्या मुलांविषयी निर्णय घेणाऱ्या समितीपुढे) आली. आज ती पंधरा वर्षांची आहे. या चार वर्षांत तिच्या फाइलमध्ये पाच निरनिराळ्या हस्ताक्षरांतले गृहभेट अहवाल लागले आहेत. पहिला सहा पानांचा आहे. त्यात तिला कोणती भाजी आवडत नाही हेसुद्धा लिहिलेले आहे. पाचव्यात तिच्याविषयी एकच वाक्य आहे: ‘बालिका बोलण्यास उत्सुक नाही.’ मी भेटीला गेले तेव्हा तिने माझे नाव विचारले नाही. ती म्हणाली, “ताई, तुमी किती दिवस राहान?” माझा करार मार्चपर्यंत आहे. तिला काय सांगावे ते मला सुचले नाही.

आपल्या जिल्ह्यात सोळा तालुके आहेत आणि क्षेत्रफळ १३,५८२ चौरस किलोमीटर आहे. मिशन वात्सल्य या बालसंरक्षणाच्या केंद्रीय योजनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार जिल्हा बाल संरक्षण कक्षात सामाजिक कार्यकर्ते दोन आणि क्षेत्रीय कार्यकर्ते दोन. म्हणजे वणी-झरीपासून पुसद-उमरखेडपर्यंत प्रत्यक्ष दारात जाणारी माणसे चार, आणि तीही सगळी पदे भरलेली असली तर. सामाजिक कार्यकर्त्याचे मानधन १८,५३६ रुपये आणि क्षेत्रीय कार्यकर्त्याचे १०,५९२ रुपये ठरवलेले आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार संकटात सापडलेले मूल प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत समितीपुढे न्यावे लागते, चौकशी चार महिन्यांत पूर्ण व्हावी लागते, बालसंगोपन योजनेचे महिन्याचे २,२५० रुपये असोत की प्रायोजकत्वाचे ४,००० रुपये, गृहभेट झाल्याशिवाय त्या मुलाच्या खात्यात काही जमा होत नाही. ही सगळी कामे त्याच चौघांच्या दुचाकीवर चालतात. पेट्रोल आधी स्वतःच्या खिशातून भरायचे आणि प्रवासभत्ता मंजूर होईपर्यंत वाट पाहायची. एका वर्षी चार महिने मानधनच आले नाही, तेव्हा माझ्याबरोबरचे दोघे सोडून गेले. ते दोघेही उत्तम काम करत होते.

माझे म्हणणे असे आहे की या कामात माणूस बदलला की मुलाचे काम पुन्हा पहिल्या पानावर येते, आणि म्हणून दहा-दहा वर्षे अकरा महिन्यांच्या करारांवर राबणाऱ्या या लोकांना सेवेत कायम केले पाहिजे. सदस्यांनी आपले मत मांडावे, विरोधी असले तर अधिक मोकळेपणाने मांडावे.

सेवानिवृत्त (अकोला)

आपल्या तळमळीबद्दल शंका नाही, पण आपण रोग बरोबर ओळखून औषध चुकीचे सांगत आहात असे मला वाटते. मी शासकीय कार्यालयात आस्थापनेचे काम तीस वर्षे पाहिले आहे. कायम झालेला माणूस कायम तिथेच राहतो, अशी आपली समजूत दिसते. प्रत्यक्षात २००५ च्या बदल्यांच्या अधिनियमाने सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा केला आहे, आणि मे महिना आला की बदलीपात्र कर्मचाऱ्यांच्या याद्या लागतात. कायम कर्मचारी गडचिरोलीहून नागपूरला यायला धडपडतो आणि नागपूरचा गडचिरोलीला रुजू व्हायच्या आधी वैद्यकीय प्रमाणपत्र जोडतो. ही आपल्या विदर्भातली पदे रिकामी राहण्याची जुनी कथा आहे. कंत्राटी माणूस निदान त्या जिल्ह्यातला, पुष्कळदा त्या तालुक्यातला असतो. त्या मुलीला आपण विचारलेत, तर तिला कायम कर्मचारी नको आहे, तिला तीच ताई हवी आहे, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरे असे की १० एप्रिल २००६ च्या उमादेवी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नियमित भरतीप्रक्रिया टाळून आलेल्यांना कायम होण्याचा हक्क नाही असे सांगितले आहे. नियमित भरती उघडली, तर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केलेला मुलगा निवडला जाईल आणि आपण, ज्यांना ती भाजीची गोष्ट कळते, बाहेर राहाल. हेही ध्यानात घ्यावे.

पळसपान

सर, बदल्यांचा मुद्दा मी खरोखर विचारात घेतला नव्हता. तरीही दोन गोष्टी नोंदवते. त्याच अधिनियमात मंत्रालयाबाहेरच्या गट ‘क’ कर्मचाऱ्यांना एका कार्यालयात दोन पूर्ण कार्यकाळ, म्हणजे सहा वर्षे मिळतात. माझ्या फाइलमधल्या मुलीला चार वर्षांत पाच माणसे भेटली. आणि उमादेवी निकालाचा आधार घेऊन वर्षानुवर्षे नियमित स्वरूपाचे काम करणाऱ्यांना डावलता येणार नाही, असे त्याच न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो प्रकरणात म्हटले आहे. दार पूर्ण बंद नाही.

बाराखडी (अंगणवाडी सेविका, वाशिम जिल्हा)

आपण दोघेही जिल्ह्याच्या ठिकाणाहून बोलत आहात. मूल संकटात आहे हे जिल्ह्याला कळते ते गावातून कोणीतरी कळवल्यावर, आणि तो कोणीतरी बहुतेक वेळा आमच्यापैकी असतो. २०२३ च्या डिसेंबरपासून बावन्न दिवस आम्ही मानधनासाठी संपावर होतो, त्यामुळे पैशाचे महत्त्व मला कोणी शिकवायला नको. पण मुलांसाठी उभे राहणारी बाई गावात टिकते की नाही, हे तिच्या मानधनावर ठरत नाही, असे मी अनुभवाने सांगते.

तीन वर्षांपूर्वी अक्षय तृतीयेच्या आधी आमच्या गावात एका सोळा वर्षांच्या मुलीची हळद ठरली. गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवक असतात आणि आम्ही त्यांना साहाय्य करायचे असते. मी ग्रामसेवकांना सांगितले आणि १०९८ या बालमदत क्रमांकावर फोनही केला. पोलीस आले, मांडव उतरला, मुलीच्या वडिलांनी हमीपत्र लिहून दिले. इथपर्यंत सगळे कायद्याप्रमाणे झाले. मात्र चौकशीला आलेल्या एका माणसाने पारावर उभे राहून विचारले, “तक्रार देणाऱ्या सेविकाबाईचं घर कोणतं?” त्या एका वाक्याने मी उघडी पडले. दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत बावीसपैकी सात मुले आली. दिवाळीच्या सुमारास आम्ही सीतादही (वेचणीआधीची शेतातली पूजा) करून वेचणीला सुरुवात केली तेव्हा आमच्या तीन एकरांत वेचायला गावातली एकही बाई आली नाही. मी, माझी सासू आणि माझा बारावीतला मुलगा, आम्ही तिघांनी तो कापूस वेचला, आणि मागे राहिलेला बराचसा पावसात भिजून पिवळा पडला. दोन वर्षे कोणी हळदीकुंकवाला बोलावले नाही. ज्या मुलीचे लग्न थांबले ती आज बारावीला आहे आणि एसटी थांब्यावर भेटली की थांबून बोलते. म्हणून मी अजून काम करते आहे.

आमच्या बीटमधल्या दुसऱ्या एका सेविकेने हे सगळे पाहिले आणि पुढच्या वर्षी तिच्या गावातले लग्न होऊ दिले. तिला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. आपण कायमपणाची मागणी करा, मी सही करीन. पण कळवणाऱ्याचे नाव गुप्त राहील, चौकशी करणारा माणूस आधी तिच्या दारात उभा राहणार नाही, आणि नाव फोडणाऱ्यावर कारवाई होईल, हे त्या मागणीत सर्वांत वर लिहा.

धामनदी (वर्धा जिल्हा)

मला या सगळ्या चर्चेच्या दिशेलाच विरोध नोंदवायचा आहे. मुलांसाठी आलेला पैसा मुलांच्या खात्यात गेला पाहिजे. पदे, भत्ते आणि कार्यालये वाढवण्यात तो जिरू नये. प्रत्येक गावात ग्राम बाल संरक्षण समिती अपेक्षित आहे, ती कागदावरून उठवून चालती केली तर निम्मे प्रश्न गावातच सुटतील. शिवाय या कामात टिकतात ती माणसे ध्येयाने टिकतात. अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी अनाथ, दिव्यांग मुलांना स्वतःचे नाव दिले आणि आयुष्य दिले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तोवर ते काही वेतनश्रेणीसाठी थांबले नव्हते.

रात्रपाळी (काळजीवाहक, बालगृह, अमरावती विभाग)

शंकरबाबांविषयी आम्हां सर्वांना आदर आहे. पण त्यांचे उदाहरण आमच्या पगाराच्या विरोधात वापरले जाते तेव्हा मन दुखावते. एका माणसाने आपणहून घेतलेले व्रत दुसऱ्याच्या नोकरीची अट होऊ शकत नाही. त्यांचीही मागणी अठरा वर्षांनंतर दिव्यांग अनाथांना सांभाळण्याची कायद्याने सोय व्हावी अशीच आहे. म्हणजे व्यवस्था हवी, हे तेही सांगतात.

माझी रात्र कशी असते ते सांगते. तीस मुली, एक मोठी खोली, मधोमध माझी सतरंजी. नवीन आलेली मुलगी पहिले काही दिवस झोपत नाही. ती भिंतीकडे पाठ करून दाराकडे पाहत बसते. तिला जवळ घ्यायचे नसते, कारण जवळ येणाऱ्या माणसाचीच तिला भीती असते, म्हणून मी दोन हात अंतरावर बसून तांदूळ निवडते, दिवसा निवडायचे ते रात्रीसाठी राखून ठेवते. चौथ्या-पाचव्या रात्री ती सरकत येते आणि खडे वेचू लागते. हे काम करायला किती रात्री लागतात आणि त्या सलग एकाच बाईच्या असाव्या लागतात, हे कोणत्याही नमुन्यात भरायचे नसते. माझी बदली बाई नसल्याने मागच्या वर्षी मी सख्ख्या भाच्याच्या लग्नाला दुपारी जाऊन संध्याकाळी परत आले. अशा जागेवर मुलीवर कोणी हात उगारला तर कायद्यात पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, आणि ते योग्यच आहे. पण सलग चौथ्या रात्री जागणाऱ्या बाईला पाचव्या रात्री घरी पाठवण्याची तरतूदही त्याच गंभीरपणे पाळली गेली पाहिजे.

आडवाट (पूर्वी समुपदेशक, चंद्रपूर जिल्हा)

मी सोडून गेलेल्यांपैकी एक आहे, म्हणून लिहितो. मी आता एका पतसंस्थेत वसुलीचे काम करतो. पगार थोडा जास्त आहे, पण त्यासाठी मी काम सोडले नाही.

पोक्सोच्या (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या) एका प्रकरणात नऊ वर्षांच्या मुलाबरोबर मी सात महिने न्यायालयात जात होतो. दर तारखेला तो माझ्या शर्टाच्या बाहीचे बटण धरून बसायचा. साक्षीच्या दिवशी तो व्यवस्थित बोलला. बाहेर आल्यावर त्याला उलटी झाली आणि ती माझ्या हातांवर झाली. हात धुऊन मी कार्यालयात गेलो, तेव्हा मला विचारले गेले की या महिन्याचा तक्ता अजून का भरला नाही. विचारणारा माणूस वाईट नव्हता. त्याच्यावरही वरून तोच तगादा होता. पण त्या दिवसानंतर मला रात्री तो मुलगा दिसू लागला, आणि हे कोणाला सांगायचे ते मला ठाऊक नव्हते. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतील ‘संवाद’ उपक्रमाकडून मुलांच्या मानसिक आघाताविषयी चांगली प्रशिक्षणे होतात, त्यांतून मी पुष्कळ शिकलो. प्रशिक्षण मात्र एकदा होते, आणि असा दिवस कोणत्याही मंगळवारी येतो. महिन्यातून एकदा एखाद्या जाणत्या माणसापुढे दोन तास बसून, तक्ता बाजूला ठेवून, प्रकरणे बोलून दाखवता आली असती, आणि अशा साक्षीनंतर दोन दिवस हक्काची रजा मिळाली असती, तर मी आजही तिथे असतो. कायम नोकरी मिळाली असती तरी मी गेलो असतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे, न जाता कोरडा झालो असतो.

धामनदी यांच्या समित्यांविषयी एवढेच: गावची समिती म्हणजे त्याच गावची भावकी. आमच्या प्रकरणातला आरोपी मुलाचा चुलता होता.

धामनदी

आडवाट यांचे शेवटचे वाक्य वाचून मी बराच वेळ थांबलो. समितीकडे अशी प्रकरणे जाऊ नयेत, हे मान्य करतो; शाळागळती आणि स्थलांतरित मजुरांच्या मुलांची नोंद ही कामे मात्र तिने करावीत, या मतावर ठाम आहे.

पळसपान

कायमपणाची मागणी मी सोडत नाही, कारण मानधन चार-चार महिने अडकते तेव्हा बाकीचे कोणतेही बोलणे घरात चालत नाही. पण मी ती एकटीच घेऊन निघाले होते, ते अपुरे होते. बाराखडीताईंची गुप्ततेची अट निवेदनात पहिल्या क्रमांकावर घेते. रात्रपाळीची बदली बाई आणि आडवाट यांची मासिक बैठक त्याखाली येईल.

सेवानिवृत्त

निवेदनावर माझी सही धरू नये; सरसकट कायम करण्याला माझा विरोध कायम आहे. मात्र एक गोष्ट आजच्याच नियमांत बसते आणि तिला शासन निर्णय लागत नाही. जाणाऱ्याने नुसती फाइल टेबलावर ठेवून कार्यमुक्त होऊ नये. त्याने नव्या माणसाला बरोबर घेऊन त्या मुलाच्या घरी एक शेवटची भेट द्यावी, आणि ती भेट झाल्याची नोंद कार्यभार हस्तांतरणाच्या कागदावर असावी. कार्यालयप्रमुखाने साधे परिपत्रक काढले तरी हे होईल. मसुदा मी लिहून देतो. मार्चच्या आत द्या म्हणजे झाले.