स्पॅनिश भाषांतराचा पीआर पडून आहे, पुढचा धडा घेऊ का?

सेमीकोलन: एका ओपन सोर्स प्रोजेक्टचे पायथनचे धडे इंग्लिशमधून स्पॅनिशमध्ये करायला घेतलेत, स्पॅनिश बऱ्यापैकी येतं म्हणून आपणहून हात वर केला. लूप्सचा आख्खा धडा करून पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे माझा बदल प्रोजेक्टमध्ये घ्या अशी विनंती) टाकला पण रिव्ह्यूला कोणी फिरकतच नाहीये, आणि मधल्या मध्ये मूळ इंग्लिश धडाच बदलला. आता थांबू की पुढचा घेऊ? आणि कोडमधलं किती भाषांतर करायचं? कमेंट्स करतोय, पण प्रिंट होणारा मजकूर?

रिकामा_लूप: पुढचा अजिबात घेऊ नकोस. भाषांतर करणारे ढिगाने मिळतात, तपासणारे मोजून दोन-चार. त्यापेक्षा दुसऱ्या कोणाचा पडलेला पीआर तपासायला घे, मग तुझ्याकडेही कोणीतरी बघतं, हा सरळ देण्याघेण्याचा मामला आहे. आणि आख्खा धडा एकाच पीआरमध्ये? तोड तो. एवढा मोठा डिफ (बदललेल्या ओळींची यादी) दिसला की मी पण टॅब बंद करतो 😄

जुनाट_टर्मिनल: मूळ बदलत राहणारच, त्याला इलाज नाही. पायथनच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनच्या भाषांतराला पीओ नावाच्या फाइल्स असतात, वर मूळ वाक्य आणि खाली भाषांतर, इंग्लिश वाक्य बदललं की जुन्या भाषांतरावर 'फझी' (म्हणजे पुन्हा तपासा) असा शिक्का बसतो आणि कोणीतरी ते नीट करेपर्यंत वाचणाऱ्याला तिथे इंग्लिशच दिसतं, म्हणजे निदान चुकीचं तरी काही शिकवलं जात नाही. तुमचे धडे साध्या मार्कडाऊनमध्ये (खुणा टाकलेल्या मजकूर फाइल्समध्ये) असतील तर ही सोय नाही, मग इंग्लिशच्या कुठल्या कमिटवरून (गिटमध्ये नोंदवलेल्या आवृत्तीवरून) भाषांतर केलंय ते फाइलमध्ये सुरुवातीलाच लिहून ठेव. नंतर गिट डिफ मारला की तेवढ्याच बदललेल्या ओळी बघायच्या.

प्रिंटच्या मजकुराला हात लावण्याआधी टेस्ट्स बघ. धड्याखालचा सराव आपोआप तपासला जात असेल आणि टेस्टला 'हॅलो वर्ल्ड' असंच हवं असेल, तर तू धड्यात 'ओला मुंदो' केलंस की पोराचं कोड बरोबर असूनही फेल. बिचारा तासभर स्वतःचीच चूक शोधत बसेल.

सेमीकोलन: हे डोक्यातच आलं नव्हतं. अजून एक, स्पॅनिशमध्ये वाचणाऱ्याला जवळिकीचं 'तू' म्हणायचं की आदराचं 'उस्तेद'? दोघंजण दोन्हीकडून ओढतायत.

रिकामा_लूप: स्टाइल गाइड बघ, नसेल तर इश्यू (प्रोजेक्टच्या पानावर चर्चेचा धागा) उघड आणि एकदाच ठरवून टाका. वीस देशांची अधिकृत भाषा आहे ती, अर्जेंटिनावाला येऊन 'वोस' (त्यांच्याकडचं 'तू') पण मागेल. काहीही ठरवा, पण पहिल्या धड्यात एक आणि पाचव्यात दुसरं नको.

सेमीकोलन: इश्यू उघडला. लूपवाल्याचे तुकडे केले, आणि फंक्शन्सवाला पडलेला पीआर तपासायला घेतला. त्यात प्रिंटच्या सगळ्या ओळी स्पॅनिशमध्ये, टेस्ट लालेलाल, म्हणजे फेल. कमेंट टाकलीये.