मदत हवी आहे : वाडी रमला जायचं आहे (नरसोबाच्या वाडीला नव्हे)

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथं नुसती वाचत आले. धागा पहिल्यांदाच काढते आहे, विभाग चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

विषय जॉर्डन. पेट्रा, वाडी रमचं वाळवंट, जेराशचे रोमन अवशेष, मृत समुद्र असा आठ दिवसांचा बेत मनात आहे. घरात "वाडीला जायचं म्हणते" एवढंच बोलले तर सासूबाईंनी नारळ काढून ठेवला. अरबीत वाडी म्हणजे खोरं, ओढ्याचं कोरडं पात्र, हे त्यांना पटेपर्यंत चहा गार झाला.

माझ्याबद्दल थोडं. वय ५९, कोल्हापूर, गेल्या वर्षी हायस्कूलमधून निवृत्त. ३१ वर्षं इतिहास-भूगोल शिकवला. (घरात, गल्लीत मी "जातो, येतो"च बोलते. इथं लिहिताना "जाते, येते" सांभाळते आहे, कुठं घसरले तर समजून घ्या.)

पेट्राचं वेड टाउन हॉलच्या म्युझियमातून लागलं. दरवर्षी पोरांना घेऊन जायची. तिथं पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, छोटी ब्राँझची मूर्ती आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेली. १९४५-४६ साली तिथं उत्खनन झालं आणि सातवाहनांच्या काळातली वस्ती उजेडात आली. पोरांचा ठरलेला प्रश्न : "बाई, ह्यो देव कोल्हापुरात आला कसा?" मग वर्गात परतल्यावर मी फळ्यावर नकाशा काढायची. इकडे आपली बंदरं, तिकडे तांबडा समुद्र, वर भूमध्य समुद्र आणि मधल्या वाळवंटात उंटांचे तांडे. त्या तांड्यांचा धूप आणि मसाल्यांचा व्यापार हाताशी धरून श्रीमंत झालेले नबाती लोक आणि त्यांची राजधानी पेट्रा. आपला देव त्याच वाटेनं आला असं मी कधी सांगितलं नाही, जहाजानं दुसरीकडूनही आला असेल. पण त्या ठिपक्याभोवती ३१ वर्षं खडूनं गोल काढलाय. आता एकदा तिथं उभं राहायचं आहे.

ह्यांना रस नाही. "दगडच बघायचे तर वीस किलोमीटरवर पन्हाळा आहे की" हे त्यांचं म्हणणं. त्यामुळं एकटीच जाणार. पासपोर्ट तयार आहे.

समोर दोन पर्याय आहेत.

पहिला, मराठी मंडळींची मोठी सहल. चाळीसएक जण, सोबत आपलं जेवण, मुंबई ते मुंबई सगळी जबाबदारी त्यांची. पेट्राला एक दिवस, मुक्काम मात्र दुसऱ्या गावी.

दुसरा, छोटा गट. जास्तीत जास्त १२ जण. थेट राजधानी अम्मानला भेटायचं, विमानाचं आपलं आपण बघायचं. स्थानिक गाइड. पेट्राला लागून असलेल्या वाडी मुसा गावात दोन रात्री आणि वाडी रममध्ये बेदुईन, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरब लोकांच्या, कॅम्पात एक रात्र. गटात कुठल्या देशाचे कोण असतील, देव जाणे.

पहिल्याबद्दल मन का कचरतंय ते सांगते. दोन वर्षांपूर्वी अशाच मोठ्या बससोबत खजुराहोला गेले होते. नाव घेत नाही. देवळांना चाळीस मिनिटं मिळाली आणि वाटेतल्या साडीच्या दुकानाला दोन तास. कंदारिया महादेवाच्या पायऱ्या चढून मी वर पोचते न पोचते तोवर खालून शिट्टी! माणसं गोड होती हो, अजून फोन येतात. पण शिट्टी विसरत नाही.

दुसऱ्याबद्दलच्या शंका :

डावा गुडघा कुरकुरतो. डॉक्टर म्हणतात जा, चढायला हरकत नाही, उतरताना जपा. पेट्रात डोंगरावर 'मठ' नावाची कोरीव वास्तू आहे, तिथपर्यंत आठशेच्या वर पायऱ्या आहेत असं वाचलं. जमेल का? नाही जमलं तर बाकीचे माझ्यामुळं खोळंबणार का?

खोली अनोळखी बाईसोबत वाटून घ्यावी लागेल, नाहीतर एकटीच्या खोलीचे जास्तीचे पैसे. कुणी वाटून घेतली आहे का? मी घोरते.

इंग्रजी कळतं, पण कुणी भराभर बोलायला लागलं की हसून मान हलवते. आणि वाळवंटातल्या कॅम्पात रात्री बाथरूमची काय सोय असते? हे विचारायला लाज वाटते, पण या वयात हाच प्रश्न पहिला येतो.

नोव्हेंबर मनात आहे. जाऊन आलेल्यांनी सांगावं.

मास्तरीणबाई

*

पंचगंगाकाठ :
बाई, नाद खुळा! आमच्या बॅचला पण तुमच्यासारख्या बाई पायजे होत्या. माहिती शून्य, पण धागा वाचतोय.

*

भाकरतुकडा :
मोठ्या सहलीला एवढं नाक मुरडू नका. माझ्या आईबाबांना मराठी गटानंच जॉर्डन दाखवलं. बाबांना मधुमेह आहे. वेळेवर जेवण, वेळेवर गोळ्या आणि रात्री पोट बिघडलं तर मराठीत सांगायला टूर मॅनेजर. छोट्या गटात तुमचं दुखणं तुमच्यापाशी. एकटीनं पहिलाच परदेश प्रवास असेल तर मी तरी मोठाच गट म्हणेन.

*

खुरमांडी :
मी दोन वर्षांपूर्वी छोट्या गटातून जाऊन आले, तेव्हा वय ६२. आम्ही ११ जण होतो. जमेल तेवढं सांगते.

मास्तरीणबाई, गटात माणसं किती हा प्रश्न नंतरचा. पेट्राच्या आत तास किती मिळणार, हे आधी विचारा. फाटकापासून सीक नावाच्या घळीच्या तोंडापर्यंत पाऊण-एक किलोमीटर, मग ती घळ सव्वा किलोमीटर, मग समोर खजिना. खजिना ही कड्यात कोरलेली जवळपास ४० मीटर उंचीची दर्शनी भिंत. फोटोत दिसतं ते एवढंच. गाव त्याच्या पुढं सुरू होतं : थडगी, नाट्यगृह, खांबांचा रस्ता. मठ त्याच्याही पलीकडे, डोंगरावर. मठापर्यंत जाऊन-येऊन आठ किलोमीटरांच्या पुढं चाल होते. एका दिवसात मोठा गट खजिना बघतो, फार तर खांबांच्या रस्त्यापर्यंत जातो आणि परत फिरतो. त्यांचा दोष नाही, चाळीस माणसं हलवायची म्हणजे तेवढंच होतं.

आता पैशाची गंमत बघा. जॉर्डन पास नावाचा प्रकार आहे. पेट्राच्या एका दिवसासह ७० दिनार, दोन दिवसांसह ७५, तीन दिवसांसह ८०. देशात पोचायच्या आधी तो काढला आणि तिथं किमान तीन रात्री राहिलात, तर व्हिसाचे ४० दिनार माफ होतात. जेराश, वाडी रमसारख्या ठिकाणांचा प्रवेशही त्यात येतो. म्हणजे पेट्राचा दुसरा दिवस फक्त पाच दिनारांचा! तो दिवस गाळणारी कंपनी तिकिटाचे पैसे वाचवत नाही, वाडी मुसातला मुक्काम वाचवते. (दिनार डॉलरला बांधलेला आहे, एका दिनाराला साधारण १.४१ डॉलर. रुपयांत आकडा बघून छातीत धस्स होतं, तयारी ठेवा.) पास तुमच्या किमतीत धरलाय की तुम्ही काढायचा, तेही विचारून घ्या.

पायऱ्या : मी चढले. तासाच्या वर लागला. पहाटे फाटक उघडताच आत गेलो, त्यामुळं ऊन नव्हतं. पायऱ्या एकसारख्या नाहीत, काही झिजून गुळगुळीत झाल्यात. उतरताना काठीशिवाय माझं काही खरं नव्हतं. दुसरा उपाय म्हणजे लहान पेट्रा नावाच्या जवळच्या ठिकाणाच्या बाजूनं मागची वाट. जीपनं बरंच पुढं सोडतात आणि चढ कमी लागतो, पण तिकीट आधी मुख्य केंद्रातून घ्यावं लागतं. परत येताना खजिन्यापासून फाटकापर्यंत विजेवर चालणाऱ्या गाड्या मिळतात, वेगळे पैसे. गाढवं घेऊन पोरं मागं लागतात. गाढवावर बसू नका एवढं सांगते. मी त्यांना त्या पायऱ्यांवर घसरताना बघितलंय.

मी वर चढत होते तेव्हा गटातले चौघं खाली सावलीत चहा पीत बसले होते. कुणी कुणासाठी खोळंबलं नाही. गाइडनं वेळ आणि जागा सांगितली, बस्स. शिट्टी नव्हती.

खोली : एकट्या बाईला दुसऱ्या एकट्या बाईसोबत देतात. माझी जोडीदारीण ऑस्ट्रेलियाची, ६६ वर्षांची. पहिल्याच रात्री तिनं कानात घालायचे बोळे काढून मला दाखवले. ती स्वतःच घोरत होती आणि बोळे माझ्यासाठी होते.

*

मास्तरीणबाई :
खुरमांडी, तुमच्या पायाला हात लावते! पाच दिनारांचं गणित कुणीच सांगितलं नव्हतं.

भाकरतुकडा, तुमचं म्हणणं खोडून काढता येत नाही. मला बीपीची गोळी आहे आणि पहिलाच परदेश आहे.

*

वाळूघड्याळ :
कामानिमित्त अम्मानला तीन वर्षं होतो. तुटक लिहितो.

नोव्हेंबर छान, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. वाडी रममध्ये दिवसा हाफ शर्ट आणि रात्री स्वेटरवर स्वेटर. कोल्हापूरच्या थंडीचा अंदाज धरून जाऊ नका. दुसरं म्हणजे पाऊस. थोडाच पडतो, पण खडकावरून सगळा घळीत उतरतो. १९६३ साली सीकमध्ये अचानक लोंढा आला आणि वीसहून जास्त फ्रेंच पर्यटक गेले. आता पावसाची चिन्हं दिसली की पेट्रा बंद करतात, लोकांना बाहेर काढतात. म्हणून हाताशी दुसरा दिवस असणं चांगलं.

कॅम्पचे दोन प्रकार. काहींत तंबूलाच जोडून संडास-बाथरूम, काहींत सगळ्यांचं मिळून थोडं चालत. बुकिंगच्या आधी ईमेलवर लेखी विचारा, लाजू नका. जोडून नसेल तर डोक्याला बांधायची बॅटरी न्या.

जेवण : वाडी रमला झर्ब करतात. वाळूत पुरलेल्या भट्टीत मटण, कोंबडी, बटाटे, गाजरं, वर झाकण आणि त्यावर वाळू. मन्सफ म्हणजे वाळवलेल्या दह्याच्या रश्श्यात शिजवलेलं मटण आणि भात. शाकाहारी असाल तर हम्मूस, फलाफल, वांग्याचं भरीत, रोटी. उपाशी राहत नाही कुणी. तिखट मात्र विसरा.

मृत समुद्र समुद्रसपाटीच्या ४३० मीटरहून जास्त खाली आहे. पाण्यात पाठीवर पडा, पालथं होऊ नका, डोळ्यांत थेंब गेला तर दिवस वाया. आदल्या दिवशी अंगावर कुठं खरचटलं असेल तर उतरल्याबरोबर कळेल.

आणि परराष्ट्र मंत्रालयाची सूचना बुकिंगच्या आधी एकदा आणि निघायच्या आठवड्यात एकदा बघा. तो सगळा भागच तसा आहे. रद्द केल्यास पैसे किती परत, हे छापील घ्या. विमानाचं तिकीट वेगळं काढणार असाल तर ते तर नक्कीच.

*

पंचगंगाकाठ :
दह्यातलं मटण?? असू दे. तांबडा-पांढरा इथं येऊन खावा.

*

खुरमांडी :
एक राहिलं. भाकरतुकडा म्हणतात ते औषधांचं बरोबर आहे. गोळ्या हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. प्रवास विमा घेताना बीपी लिहा, लपवू नका, नाहीतर ऐन वेळी हात वर करतात. आणि दोन्ही कंपन्यांचे भाव शेजारी मांडाल तेव्हा विमान, जीएसटी, टीसीएस (परदेश सहलीच्या पैशांवर आधीच घेतला जाणारा कर), टिपा, जेवणं धरलीत की नाही ते बघा. छोट्या गटात बऱ्याचदा रात्रीचं जेवण आपलं आपण असतं. टीसीएस रिटर्न भरताना वळता करून घेता येतो, पण आधी खिशातून जातो.

इंग्रजीचं मनावर घेऊ नका. आमच्या गाइडचं इंग्रजी तुमच्यामाझ्यासारखंच होतं, सावकाश. जेराशला रोमन सम्राट हेड्रियनच्या कमानीखाली त्यानं नुसतं बोट दाखवून समजावलं आणि सगळ्यांना समजलं.

*

जोतिबाच्या_नावानं :
मास्तरीणबाई, वाडी रमच्या आधी वाडी रत्नागिरी करा! जोतिबाच्या डोंगरावर गाडीनं न जाता खालून पायवाटेनं चढा. आठवड्यातून दोनदा, दोन महिने. उतरतानाही पायीच, गुडघा खरं काय ते तिथं सांगेल. जमलं तर पेट्रा जमेल. नाही जमलं तर गाडीनं खजिना आणि घरी येऊन पोरांना फोटो.

*

मास्तरीणबाई :
सगळ्यांचे आभार. काल छोट्या गटवाल्यांना चार प्रश्न ईमेलनं पाठवले : पास किमतीत आहे का, पेट्रात आत एकूण किती तास, कॅम्पात बाथरूम तंबूला जोडून आहे का, सहल त्यांनी रद्द केली तर पैसे कधी. तीन प्रश्नांची उत्तरं आली. पेट्रात दीड दिवस, मठ ऐच्छिक. बाथरूम जोडून. पास आपण काढायचा. पैसे परत करण्याच्या प्रश्नावर नुसताच "लवकरच कळवतो" असा निरोप आहे. ते उत्तर आल्याशिवाय आगाऊ रक्कम भरणार नाही.

मराठी गटवाल्यांनाही फोन केला. पेट्रात दुसरा दिवस वाढवता येईल का, विचारलं. समोरची मुलगी म्हणाली, "मॅडम, एका दिवसात सगळं होतं." मी म्हटलं, "खजुराहोही झालं होतं."

रविवारी जोतिबा. पहाटे साडेपाचला निघणार. हे गाडी घेऊन वर येतो म्हणालेत, म्हणजे उतरताना गुडघा बोलला तर सोय. त्यांनी झर्बबद्दल वाचून दाखवायला लावलं, दोनदा. बघू.

आता शेवटचा प्रश्न, हसू नका. घरची कांदा-लसूण चटणी चेक-इन बॅगेतून नेता येते का? पाव किलो.

*

वाळूघड्याळ :
मी तीन वर्षं नेली. दोन पिशव्यांत बांधा आणि मधे वर्तमानपत्र घाला, तेल सुटतं. माझा एक पांढरा शर्ट अजून तांबडा आहे.